परत आलेला पाथ तोच आहे का? ओळख-तपासणीच्या कसोटीवर मल्टिपाथ-टूल्स

लिनक्सवरच्या मल्टिपाथ-टूल्सची (सर्व्हरपासून स्टोरेजमधल्या एकाच डिस्कपर्यंतचे अनेक मार्ग, म्हणजे पाथ, एकत्र सांभाळणारं साधन) चाचणी घेताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: केबल उपटली तर आयओ, म्हणजे डिस्कवरचं वाचणं-लिहिणं, चालू राहतो का? राहतो. स्विचचा पोर्ट बंद करा, स्टोरेजचा एक कंट्रोलर रीबूट करा, अर्धे पाथ पडतात आणि उरलेल्यांवरून काम चालतं. या बाबतीत या साधनाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. पण दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पडलेला पाथ परत आला, तेव्हा त्याच्या पलीकडे तोच लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) आहे हे कोण तपासतं? डीफॉल्ट मांडणीत खात्रीने कोणीच नाही. हे परीक्षण त्या एका मुद्द्यापुरतं आहे.

(आज्ञा, फाइलींची नावं आणि कर्नलचे संदेश इथे देवनागरीत लिहिले आहेत. टंकताना अर्थातच रोमन लहान अक्षरं वापरायची.)

आधी घोळ होतो कसा ते पाहू. स्टोरेजवर ‘अ’ हा लन एका होस्टला, म्हणजे सर्व्हरला, लन क्रमांक ५ म्हणून दिलेला आहे. काम संपलं म्हणून स्टोरेजवाल्याने त्याचं मॅपिंग काढलं. होस्टवर मात्र कोणी काही केलं नाही. एसडीसी, एसडीएफ वगैरे जुनी डिव्हाइसेस (प्रत्येक पाथसाठी लिनक्सला दिसणारी डिस्क) तशीच उभी आहेत, फक्त ‘फॉल्टी’ दिसतात. ती आपोआप जात नाहीत. डेव्ह_लॉस_टीएमओ (पोर्ट हरवल्यावर डिव्हाइसेस काढण्याची मुदत) त्यांना काढेल असं पुष्कळांना वाटतं, पण ती घड्याळं रिमोट पोर्टसाठी असतात, लनसाठी नाहीत. पोर्ट जागेवरच आहे, फक्त त्यामागचा लन गेलाय, त्यामुळे ते घड्याळ सुरूच होत नाही. काही दिवसांनी स्टोरेजवर ‘ब’ हा नवा लन तयार होतो आणि रिकामा दिसला म्हणून त्यालाही क्रमांक ५ मिळतो. आता होस्टवरचा जुना एसडीसी जिवंत होतो. मल्टिपाथडी हा पाथवर लक्ष ठेवणारा डेमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्रॅम) दर काही सेकंदांनी ‘टेस्ट युनिट रेडी’ पाठवत असतोच, त्याला ‘तयार आहे’ असं उत्तर मिळतं आणि पाथ ‘ॲक्टिव्ह’ होऊन जुन्या मॅपमध्ये (एका लनचे सगळे पाथ जोडून होस्टवर बनलेली एक डिस्क) बसतो. मॅपवर नाव ‘अ’चं, पलीकडे बाइट्स ‘ब’चे.

यात नो_पाथ_रिट्राय (सगळे पाथ पडल्यावर काय करायचं ते ठरवणारा पर्याय) ‘क्यू’ असेल तर प्रकरण आणखी वाईट. सगळे पाथ पडले तेव्हा ‘अ’साठीच्या ज्या राइट्स रांगेत अडकल्या होत्या, त्या पाथ परत येताच बाहेर पडतात आणि ‘ब’वर जाऊन आदळतात. डेटा वाचवण्यासाठी लावलेली रांगच इथे दुसऱ्याचा डेटा खराब करते.

हे ओळखायची एक खूण आहे. स्टोरेजवाला म्हणतो नवा लन दिला, होस्टवर स्कॅन करूनही नवी डिस्क काही दिसत नाही. ‘स्कॅन’ फाइलमध्ये तीन डॅश लिहिले तरी कर्नल त्या पत्त्यावर आधीच डिव्हाइस आहे एवढं पाहतो आणि पुढे जातो, तिची ओळख नव्याने विचारत नाही. म्हणजे नवा लन हरवलेला नसतो, तो जुन्या एसडीसीच्या पोटात बसलेला असतो. अशा वेळी तिसऱ्यांदा स्कॅन मारण्याआधी थांबा आणि ओळख तपासा.

ही ओळख म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूआयडी. स्कझी डिस्क इन्क्वायरीच्या (डिस्कला तिची माहिती विचारणारी आज्ञा) व्हीपीडी पान ८३ वर (हे हेक्समधलं) आपली ओळख सांगते. एंटरप्राइज स्टोरेजवर ती बहुधा एनएए प्रकार ६ ची असते: १६ बाइट, म्हणजे ३२ हेक्स अक्षरं. यूडेव्हचा (डिव्हाइस आलं, गेलं किंवा बदललं की नियम चालवणारी लिनक्सची यंत्रणा) स्कझी_आयडी हा प्रोग्रॅम त्याआधी प्रकाराचा अंक लावतो, एनएएसाठी ३, ईयूआयसाठी २, टी-१० व्हेंडर प्रकारासाठी १. म्हणून मल्टिपाथमध्ये दिसणारी नेहमीची ओळख ३६ ने सुरू होणारी, ३३ अक्षरांची असते.

खरी अडचण अशी की ही एकच ओळख चार ठिकाणी लिहिलेली असते आणि चारही ठिकाणं वेगवेगळ्या वेळी ताजी होतात. पहिली प्रत खुद्द स्टोरेजमध्ये, तीच खरी. ती विचारायची असेल तर एसजी_व्हीपीडी ही आज्ञा ‘--पेज=डीआय’ हा पर्याय देऊन चालवा, ती थेट डिस्कला विचारते. दुसरी प्रत कर्नलच्या स्मरणात असते. स्कॅन करताना वाचलेली पानं तो सिसएफएसमध्ये (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) त्या डिस्कच्या डिव्हाइस डिरेक्टरीत ‘व्हीपीडी_पीजी८३’ आणि ‘डब्ल्यूडब्ल्यूआयडी’ या फाइलींत दाखवतो, आणि त्याच डिरेक्टरीतल्या ‘रीस्कॅन’मध्ये १ लिहीपर्यंत सहसा ती बदलत नाहीत. तिसरी यूडेव्हच्या डेटाबेसमध्ये, आयडी_सीरियल या नावाने. यूडेव्हएडीएम इन्फोने ती दिसते आणि डिव्हाइसचा ‘ॲड’ किंवा ‘चेंज’ इव्हेंट आला तरच नव्याने लिहिली जाते. चौथी मल्टिपाथडीच्या स्वतःच्या मेमरीत. ‘मल्टिपाथडी शो पाथ्स फॉरमॅट’ला ‘%डी %डब्ल्यू’ देऊन ती बघता येते, दोन्ही अक्षरं लहान.

पडताळताना एक बारीक गोष्ट विसरू नका. सिसएफएसमधली ओळख ‘एनएए.’ने सुरू होते, मल्टिपाथची ३ ने. ‘एनएए.’ काढून टाका, पुढे ३ लावा आणि मग तुलना करा. एवढं न केल्याने दोन सारख्याच ओळखी वेगळ्या वाटतात आणि रात्री उगाच धावपळ होते.

आता मुख्य तक्रार. ‘मल्टिपाथ -एलएल’ ही सगळ्यांच्या हातात बसलेली आज्ञा, पण ती पहिली प्रत विचारत नाही, मॅपवरची जुनीच ओळख दाखवते. लन खाली बदलला तरी तिच्यात सगळं हिरवंगार दिसतं. बरं, डिव्हाइस मॅपर (मॅप चालवणारा कर्नलचा भाग) आयओ पाठवताना ओळख पाहत नाही, ते त्याचं कामही नाही. टीयूआर, म्हणजे ‘टेस्ट युनिट रेडी’, चेकर फक्त ‘तयार आहेस का’ एवढंच विचारतो, ‘कोण आहेस’ हे विचारत नाही. आकारामुळे तरी घोळ उघड होईल म्हणावं, तर एसडी डिव्हाइसचा आकारही कर्नलच्या स्मरणातला जुनाच असतो. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही ५०० जीबीचे असतील तर रीस्कॅन करूनही आकारावरून काहीच कळत नाही. आणि एकाच आकाराचे लन कापणं ही तर बहुतेक ठिकाणची पद्धतच आहे.

स्टोरेज गप्प बसतं असं मात्र नाही. मॅपिंग बदललं की ते ‘युनिट अटेन्शन’ पाठवतं. कोड ३एफ/०ई म्हणजे लनची यादी बदलली, ३एफ/०३ म्हणजे इन्क्वायरी डेटा बदलला, ३एफ/०५ म्हणजे ओळखच बदलली. पहिल्या कोडवर कर्नल लॉगमध्ये स्पष्ट लिहितो की या टार्गेटवरची लन वाटणी बदलल्याचा इशारा मिळाला आहे आणि लिनक्सचा स्कझी थर लनची फेरजुळणी आपोआप करत नाही. प्रामाणिक वाक्य आहे, पण डीमेसेजमध्ये ते वाचतं कोण? पहिल्या दोन कोडवर कर्नल यूइव्हेंटही (यूडेव्हला सूचना) सोडतो, त्यात एसडीईव्ही_यूए हा गुणधर्म असतो. त्यावर काय करायचं हे यूडेव्हच्या नियमांवर सोडलेलं आहे, आणि वितरणांसोबत येणारे नियम बहुतेक काहीच करत नाहीत. रेड हॅटच्या वितरणात ९०-स्कझी-यूए नावाच्या फाइलमध्ये नमुन्याचे नियम आहेत, तेवढंच. लॉगवर नजर ठेवणारी जी काही यंत्रणा असेल तिच्यात ‘एलयूएन असाइनमेंट्स’ हे शब्द टाकून ठेवा. फुकटचा इशारा आहे, वाया का घालवायचा?

मल्टिपाथ-टूल्सने यावर काय केलं याचा इतिहास छोटा आणि थोडा अडखळता आहे. आधी डिसेबल_चेंज्ड_डब्ल्यूडब्ल्यूआयडीज नावाचा पर्याय आला. ‘येस’ ठेवला तर मॅपमध्ये असताना ज्या पाथची ओळख बदलली तो बंद ठेवला जाई, मूळ ओळख परत येईपर्यंत. डीफॉल्ट ‘नो’. कल्पना बरी होती, पण तिचं सगळं गणित यूडेव्हच्या ‘चेंज’ इव्हेंटवर उभं होतं. इव्हेंट आला नाही किंवा त्यात जुनीच आयडी_सीरियल आली, तर तपासणीच नाही. नंतरच्या आवृत्त्यांत हा पर्याय कालबाह्य ठरवून दुर्लक्षित केला गेला. आता अशा इव्हेंटमध्ये ओळख बदललेली दिसली, की पाथ काढून नव्याने जोडल्यासारखं वागवलं जातं, कुठलाही पर्याय न लावता. हा बदल योग्यच. गंमत अशी की जुन्या कॉन्फमध्ये हा पर्याय अजून ‘येस’ करून ठेवलेला असतो आणि त्याच्या भरवशावर सगळे निवांत असतात. ती ओळ आता शोभेची आहे.

खरा उपाय ०.८.६ या आवृत्तीत आला: रीचेक_डब्ल्यूडब्ल्यूआयडी. पडलेला पाथ परत येतोय असं चेकरला दिसलं, की त्याला मॅपमध्ये घेण्याआधी मल्टिपाथडी थेट डिस्कला इन्क्वायरी पाठवून पान ८३ वाचतो. वरच्या भाषेत, दुसरी-तिसरी प्रत सोडून थेट पहिल्या प्रतीशी ताडतो. सिसएफएसमध्ये जुनंच असतं, म्हणून हा थेट मार्ग घेतला आहे आणि इथेच या पर्यायाची गुणवत्ता दिसते. फरक आढळला तर लॉगमध्ये ‘पाथ डब्ल्यूडब्ल्यूआयडी चेंज डिटेक्टेड’ असं लिहून पाथ मॅपमधून काढतो, कर्नलला रीस्कॅन सांगतो आणि यूडेव्हला नवा इव्हेंट देतो, म्हणजे तोच पाथ नव्या ओळखीच्या मॅपमध्ये जाऊन बसतो. काढणं जमलं नाही तर निदान त्याला ‘फेल्ड’ ठरवतो. हाताने ‘मल्टिपाथडी ॲड पाथ’ केलं तरी हीच तपासणी होते.

याचंही डीफॉल्ट ‘नो’ आहे, आणि या परीक्षणातला सर्वात मोठा उणा गुण तिथेच जातो. तपासणीचा खर्च किती, तर पाथ परत येताना एक जादाची इन्क्वायरी. पाथ दर सेकंदाला पडत-उठत नसतात. न तपासण्याची किंमत म्हणजे गुपचूप खराब झालेला डेटा. सावधपणा म्हणून नवा पर्याय बंद ठेवून आणतात हे समजतं, पण स्टोरेजच्या साधनात सावधपणाचा अर्थ उलटा असायला हवा होता.

लावायचं असेल तर मल्टिपाथ.कॉन्फच्या डीफॉल्ट्स विभागात ‘रीचेक_डब्ल्यूडब्ल्यूआयडी येस’ ही एक ओळ, मग ‘मल्टिपाथडी रीकॉन्फिगर’. त्यानंतर ‘मल्टिपाथडी शो कॉन्फिग’मध्ये ती खरोखर दिसते का ते बघा. जुन्या आवृत्तीत हा शब्दच माहीत नसतो, मग डेमन लॉगमध्ये अनोळखी शब्दाची तक्रार करून पुढे जातो आणि आपण समजतो की लागलं. दुसरी मर्यादा कागदावर लिहिलेली आहे, पण नजरेतून निसटते. हा पर्याय फक्त स्कझी डिव्हाइसेसवर चालतो, आणि तेही ओळख डीफॉल्ट आयडी_सीरियलमधून किंवा सिसएफएसमधून घेतली जात असेल तरच. कोणी कधीकाळी यूआयडी_ॲट्रिब्यूट बदलून आयडी_डब्ल्यूडब्ल्यूएन केलं असेल, तर पर्याय ‘येस’ दिसेल आणि काम शून्य करेल. आधी ती ओळ शोधा.

वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा करून बघणं चांगलं, आणि त्यासाठी खऱ्या स्टोरेजची गरज नाही. स्कझी_डीबग हे कर्नल मॉड्यूल पुरतं. एखादं आभासी मशीन घ्या आणि मॉड्यूल तीन पर्यायांसह चढवा: ॲड_होस्ट=२, व्हीपीडी_यूज_होस्टएनओ=०, डेव्ह_साइझ_एमबी=६४. दोन खोटे होस्ट तयार होतात आणि दोन्हींमधली डिस्क एकच ओळख सांगते: ३३३३३३३३००००००७डी०. शेवटचं ७डी० म्हणजे हेक्समध्ये २०००. ‘मल्टिपाथ -एलएल’मध्ये एक मॅप, दोन पाथ दिसले पाहिजेत.

आता एका पाथच्या डिव्हाइस डिरेक्टरीत ‘स्टेट’ फाइलमध्ये ‘ऑफलाइन’ लिहा. अर्धा मिनिट थांबा. तपासणीचा काळ डीफॉल्टने ५ सेकंदांपासून सुरू होतो आणि निरोगी पाथसाठी वाढत २० पर्यंत जातो, म्हणून घाई नको. पाथ ‘फॉल्टी’ झाला की स्यूडो बसखालच्या स्कझी_डीबग ड्रायव्हरच्या डिरेक्टरीत व्हीपीडी_यूज_होस्टएनओमध्ये १ लिहा. त्या क्षणी दोन्ही डिस्कच्या ओळखी होस्ट क्रमांकावर अवलंबून होतात. सूत्र सोपं आहे: होस्ट क्रमांकात १ मिळवा आणि २००० ने गुणा. होस्ट ५ असेल तर १२०००, हेक्समध्ये २ईई०, म्हणून ओळख ३३३३३३३३०००००२ईई०. (होस्ट क्रमांक ० असेल तर ओळख तीच राहील, चाचणी फसल्यासारखी वाटेल. क्रमांक आधी बघून घ्या.) मग ‘स्टेट’मध्ये ‘रनिंग’ लिहा.

रीचेक बंद असताना हे केलं तर पाथ जुन्याच मॅपमध्ये ‘ॲक्टिव्ह रेडी’ होऊन परततो, एसजी_व्हीपीडी मात्र वेगळीच ओळख सांगतो. रीचेक लावून तीच कृती पुन्हा करा: पाथ जुन्या मॅपमधून निघून जातो. फाइंड_मल्टिपाथ्स काय ठेवलंय त्यावर तो एकटा पाथ स्वतःचा मॅप बनवेल की नुसता पडून राहील हे ठरतं. नव्या कर्नलमध्ये ‘रनिंग’ लिहिल्यावर रीस्कॅनही होतं, त्यामुळे सिसएफएसमधली प्रत नवी दिसू शकते आणि यूडेव्हमधली जुनी. घाबरू नका, चार प्रतींचा हा खेळ नेमका असाच चालतो.

पण त्याच चाचणीत दुसऱ्या पाथकडेही बघा. त्याचीही ओळख बदललेली आहे, आणि तो अजून जुन्या मॅपमध्ये शांत बसलाय, रीचेक ‘येस’ असूनही. कारण तो कधी पडलाच नाही. तपासणी होते ती फक्त ‘पडलेला’ ते ‘चालू’ या वळणावर. प्रत्यक्षात असं कधी होतं? स्टोरेजवर मॅपिंग काढणं आणि नवं देणं हे एकाच स्क्रिप्टमध्ये, दोन-तीन सेकंदांत उरकतं तेव्हा. दोन तपासण्यांच्या मधल्या फटीत लन बदलतो, चेकरला मधला खड्डा दिसतच नाही. युनिट अटेन्शन आलं तर टीयूआर चेकर पुन्हा प्रयत्न करतो, दुसऱ्यांदा ‘तयार’ येतं, विषय संपला. हे भोक मल्टिपाथ-टूल्समधून बुजवता येत नाही. पोलिंग_इंटरव्हल कमी करून फट लहान होते, पण नाहीशी होत नाही आणि शेकडो पाथ असलेल्या होस्टवर चेकरचा भार वाढतो. स्टोरेजच्या स्क्रिप्टमध्ये काढणं आणि देणं यांत मिनिटभराचं अंतर ठेवणं जास्त उपयोगी. किंवा लन क्रमांक लगेच पुन्हा न वापरणं, ते तर सर्वात स्वस्त.

हाताने झडती घ्यायची असेल तर एक मार्ग आहे आणि तो कधीही न पडलेल्या पाथलाही पकडतो. प्रत्येक एसडी डिव्हाइसच्या ‘रीस्कॅन’मध्ये १ लिहा, मग यूडेव्हएडीएम ट्रिगर ‘--ॲक्शन=चेंज’सह चालवा. यूडेव्ह ओळख नव्याने वाचतो, मल्टिपाथडीला इव्हेंट मिळतो, फरक असेल तर लॉगमध्ये कुठल्या ओळखीपासून कुठल्या ओळखीपर्यंत बदल झाला हे येतं. क्रम उलटा करू नका. काही वितरणांत यूडेव्हचे नियम स्कझी_आयडीऐवजी एसजी३_यूटिल्सचे असतात, आणि ते पान ८३ डिस्ककडून न वाचता सिसएफएसमधून वाचतात. रीस्कॅन आधी केलं नाही तर शिळीच प्रत पुन्हा शिळ्या जागी लिहिली जाते. त्याच पॅकेजमधल्या रीस्कॅन-स्कझी-बस या स्क्रिप्टला ‘-यू’ दिलं तर तीही फेरमॅप झालेल्या डिस्क शोधते. चालत्या उत्पादन होस्टवर मात्र ती स्क्रिप्ट ‘-आर’सह, म्हणजे काढण्याच्या परवानगीसह, सहज म्हणून चालवू नये.

मुळात लन काढायचा क्रम पाळला तर यातलं बरंचसं टळतं. फाइल सिस्टम अनमाउंट. व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमने बांधलेला डिस्कचा गट) निष्क्रिय. ‘मल्टिपाथ -एफ’ आणि मॅपचं नाव, एफ लहान, कारण मोठं एफ दिलं तर वापरात नसलेले सगळे मॅप जातात. त्याआधी मॅपखालच्या सगळ्या एसडी डिव्हाइसेसची नावं लिहून घेतलेली असावीत, मॅप गेल्यावर ती शोधणं जिकिरीचं होतं. प्रत्येकावर ब्लॉकडेव्ह ‘--फ्लशबफ्स’, मग डिव्हाइस डिरेक्टरीतल्या ‘डिलीट’मध्ये १. हे सगळं झाल्यावरच स्टोरेजवरून मॅपिंग काढायचं. ‘मल्टिपाथ -डब्ल्यू’ला डिव्हाइस देऊन तिची ओळख डब्ल्यूडब्ल्यूआयडीज फाइलमधून पुसली की काम पूर्ण. चूक बहुधा शेवटून दुसऱ्या पायरीवर होते: दोन वेगळ्या माणसांचं काम, आणि स्टोरेजवाला आधी मोकळा होतो.

घोळ झालाच असेल तर पहिला हात अनमाउंटकडे जातो, आणि तो आवरायला हवा. अनमाउंट करताना मेमरीतली उरलेली डर्टी पानं लिहिली जातात, तीही चुकीच्या लनवर. काही पाथ बरोबर आणि काही चुकीचे असतील तर चुकीचे ‘मल्टिपाथडी डेल पाथ’ने काढा.  सगळेच चुकीचे असतील तर स्टोरेजवरून ‘ब’चं मॅपिंग या होस्टपुरतं ताबडतोब बंद करा, मग ‘मल्टिपाथडी डिसेबलक्यूइंग मॅप’ देऊन रांग मोडा. अडकलेल्या राइट्स त्रुटी देऊन मरतील, आणि आत्ता तेच हवं आहे. त्यानंतर अनमाउंट. दुरुस्तीला हात घालण्याआधी स्टोरेजवर दोन्ही लनचे स्नॅपशॉट घ्या आणि तपासणी न लिहिणाऱ्या पर्यायाने करा: ई२एफएससीके किंवा एक्सएफएस_रिपेअर, दोन्हींना ‘-एन’. ‘अ’ बहुधा अर्धवट राहिलेला असतो, ‘ब’वर परक्या ब्लॉक्सचे ठिपके पडलेले असतात, आणि ‘ब’चा मालक वेगळाच असतो. त्याला लगेच सांगा.

ओळख कायदेशीरपणेही बदलते: स्टोरेजच्या फर्मवेअरमध्ये पान ८३ ची मांडणी बदलली, डेटा नव्या स्टोरेजवर हलवला, किंवा टी-१० प्रकारच्या ओळखीत मोकळ्या जागांच्या जागी किती अंडरस्कोर पडतात हे यूडेव्हच्या नियमांसोबत बदललं. इथे साधनाचं वागणं ठीक आहे, पण आजूबाजूची पडझड आपल्यालाच सावरावी लागते. यूझर_फ्रेंडली_नेम्स चालू असेल तर बाइंडिंग्ज फाइलमध्ये नव्या ओळखीला नवं नाव मिळतं. काल एमपाथए होता, आज एमपाथडी, आणि एफएसटॅबमध्ये मॅपरचं नाव लिहिलेलं असेल तर बूट अडतो. मल्टिपाथ्स विभागातले ॲलियस आणि ब्लॅकलिस्टमधले अपवाद ओळखीवर टांगलेले असतात, तेही निसटतात. रूट डिस्क मल्टिपाथवर असेल तर इनिटरॅमएफएसमध्ये जुनी बाइंडिंग्ज बसलेली असते, ड्रॅकट ‘-एफ’ चालवल्याशिवाय रीबूट करू नका. आरएचईएल ९ (रेड हॅटचं वितरण) मध्ये आणखी एक सापळा आहे. एलव्हीएमची सिस्टम.डिव्हाइसेस फाइल मल्टिपाथ डिव्हाइस एमपाथ_यूयूआयडी या प्रकाराने ओळखते, आणि त्या यूयूआयडीत डब्ल्यूडब्ल्यूआयडी असते. ओळख बदलली की डिस्क समोर असूनही व्हॉल्यूम ग्रुप गायब. ‘एलव्हीएमडिव्हाइसेस --चेक’ने बघा, ‘--ॲडडेव्ह’ने नवी घाला, ‘--डेलडेव्ह’ने जुनी काढा.

तुलनेसाठी एनव्हीएमईकडे (स्कझीहून वेगळा डिस्क-प्रोटोकॉल, लनऐवजी तिथे नेमस्पेस असते) बघितलं तर हेवा वाटतो. तिथल्या कर्नलमधल्या मूळ मल्टिपाथमध्ये नेमस्पेस पुन्हा स्कॅन होताना यूयूआयडी, एनजीयूआयडी आणि ईयूआय-६४ जुन्याशी ताडले जातात. जुळले नाहीत तर ‘आयडेंटिफायर्स चेंज्ड’ असं त्या नेमस्पेस क्रमांकासह लॉगमध्ये लिहून ती नेमस्पेस काढून टाकली जाते. कुठला पर्याय लावायचा नाही, कुठलं डीफॉल्ट आठवायचं नाही. नेमस्पेस बदलल्याची सूचना कंट्रोलरकडून आली की स्कॅनही आपोआप सुरू होतं. स्कझीच्या बाजूला ही जबाबदारी कर्नल, यूडेव्ह आणि मल्टिपाथडी या तिघांत वाटली गेली आहे, आणि सामायिक जबाबदारीचं जे होतं तेच झालं आहे.

एवढं असूनही एफसी (फायबर चॅनल) किंवा आयस्कझीवर (नेटवर्कवरून स्कझी) दुसरं काही घ्या असं सांगायचं कारण नाही. ०.८.६ किंवा त्यापुढची आवृत्ती, रीचेक ‘येस’, यूआयडी_ॲट्रिब्यूट डीफॉल्टवर, आणि लन काढण्याचा क्रम दोन्ही टीमच्या भिंतीवर, इतकं असेल तर हे साधन भरवशाचं आहे. त्याखालची आवृत्ती असलेले जुने होस्ट असतील, तर तिथे लन क्रमांक पुन्हा वापरायचाच नाही असा नियम स्टोरेजच्या बाजूला घाला. आणि वितरणाने हा पर्याय जुन्या आवृत्तीतही मागे आणलेला असू शकतो, म्हणून निव्वळ आवृत्तीवर न जाता ‘शो कॉन्फिग’च्या उत्तरात तो शब्द आहे का तेच बघा.